दाब, धर, सोड

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (सध्या मी बराच वेळ गाडीखाली आडवीच असते, त्यामुळे हा नमस्कार नुसता लिहिण्यापुरता नाही. फक्त उताणा आहे.) गुडघा कसा आहे? गोळ्या घेतेस की डबीत जपून ठेवतेस?

इकडे सगळे बरे आहेत, बाबांची गाडी सोडून. क्लचचं पेडल दाबलं की खाली जातं आणि रुसल्यासारखं तिथेच बसतं. गॅरेजवाला म्हणाला, भंगारात द्या. पण मला नोकरीच्या गावी याच गाडीतून सोडायचं, हे बाबांनी निकालाच्या दिवशीच ठरवलं होतं. जन्मभर मालकांच्या गाड्यांतून मालकांची मुलं पोचवली. घरातली पहिली पदवीधर बसने गेली तर ते नुसती गाडी पुसत राहतील. म्हणून मी जाहीर केलं की वस्तू टाकायच्या नसतात, दुरुस्त करायच्या असतात. (आई म्हणाली, "मग तुझ्या चपलांपासून सुरुवात कर.")

दोष सापडला. पेडलचा जोर तेलातून गिअरबॉक्सपर्यंत पोचवणारा छोटा सिलिंडर गळतो. दुकानदाराला तो दाखवला, तर दूरचा नातेवाईक गेल्याचं कळावं तसा चेहरा करून म्हणाला, "हा आता कुठला मिळायला?" मग जुन्यातच नवी रबरं घातली. हे तेल रंग खातं; थोडं बॉनेटवर सांडलं आणि तिथला रंगच निघाला. बाबांनी त्यावर नुसतं फडकं टाकलं, हेच जास्त लागलं.

मग नळीतली हवा काढायची. याला दोघं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खालून बोल्ट सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे, बोल्ट आवळायचा, मगच पेडल सोडायचं. बाबा वर, मी खाली. दाबा म्हटलं, दाबलं. धरा म्हटलं, धरलं. बोल्ट आवळून मी म्हटलं, "सोडा आता." पेडल वर आलं, दार उघडलं आणि बाबांच्या चपला घराकडे निघाल्या. आत जाऊन आईला म्हणाले, "पोरगीच सोडा म्हणते. जाऊ दे तिला बसने."

तेलकट हातांनी त्यांची समजूत काढून परत आणलं. तेव्हापासून मी "पाय उचला" म्हणते. गाडी फाटकापर्यंत गेलीसुद्धा. सकाळी पेडल पुन्हा तळाला.

बाकी क्षेम.

तुझी भाची

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. काकांची गाडीही याच मॉडेलची. ते गेल्यापासून तू ती झाकून ठेवतेस, कुणाला हात लावू देत नाहीस, हे माहीत असूनही तिचा सिलिंडर मागायचा होता. बाबा म्हणतात ताईकडे मागायचा नाही, म्हणून गुपचूप लिहिते आहे.

आणखी ता. क. नको, राहू दे. त्या गाडीतलं काही काढू नकोस. बसमध्ये मला खिडकी मिळेल.

शेवटचा ता. क. पण तू ये. काका खालून "दाब, धर, सोड" ओरडायचे आणि तू वर बसून भाजी निवडता निवडता पेडल दाबायचीस. एकदाही उठून गेली नाहीस. तसं माणूस इथे नाही.

(खालचं अक्षर बाबांचं आहे, त्यांनी पत्र वाचलंच. पाकीट त्यांनीच आणून दिलं होतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.)

ताई, सिलिंडर नको. आम्हीच तिकडे येतो. तू पेडलवर बस, मी खाली जातो, दाजींची गाडी चालू करू. मग पोरीला त्याच गाडीतून सगळे मिळून सोडू.