डाव्या हाताचा ब्रेक

४ नोव्हेंबर

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेली गाडी पोचली. माझं मनगट मोडल्यापासून क्लच दाबवत नाही म्हणून मुद्दाम बिनगिअरची घेतलीस, पोरी, मन भरून आलं. बटण दाबलं की सुरू, मूठ पिळली की चालू. सीटखाली हेल्मेट ठेवून वर तुझ्या आईचे कापडाचे गठ्ठे मावतात. पिशवीला पुढे हूक. पेट्रोलचं झाकण बाहेरच, सीट उचलायला नको. स्टँड खाली राहिला तर पठ्ठी सुरूच होत नाही! गाडी एवढी शहाणी, पण चालवणारा मी.

आईला तिच्या शिवणवर्गाला सोडायला निघालो. चौकात सिग्नल लागला आणि सवयीने डावा हात क्लच दाबायला गेला. इथे डावीकडे ब्रेक! असेल नसेल तेवढं बळ लावून दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, आई माझ्या पाठीवर आदळली, तिचा चष्मा फुटला. तिला खरचटलंही नाही. पण तिला मागे बसवून मी आता गाडी चालवणार नाही. तिकडे बस जात नाही, तेव्हा वर्ग बंद करते म्हणाली. म्हणाली हसत हसत, पण जेवली नाही. काय करावं, तूच सांग.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझे बाबा

९ नोव्हेंबर

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र वाचून आधी घाबरले, मग पोट धरधरून हसले. अगं, त्यांच्या हाताला तीस वर्षांची खोड आहे, तुझ्या हाताला कसलीच नाही. तूच शीक! गाडी हलकी आहे, पाय जमिनीला टेकतात, डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. वयाचं रडगाणं मला ऐकवू नकोस. वर्ग बंद केलास तर मी रुसेन, आणि माझं रुसणं तुला ठाऊक आहे.

बाबांना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी चिमणी

२० जानेवारी

चि. चिमणीस गोड गोड पापा. वि. वि.

शिकले गं बाई! मैदानात बाबा मागून धावत गिअर टाक म्हणून ओरडायचे आणि मग स्वतःच जीभ चावायचे. मी दोनदा कुंपणात घुसले. पण लायसन्स मिळालं.

आज वर्ग पुन्हा उघडायचा होता. मी पुढे, बाबा मागे. म्हटलं, आता वाटभर सूचना ऐकाव्या लागणार. तर अवाक्षर नाही! तो चौक आला, गेला, तरी गप्प. आरशात पाहिलं तर डोळे मिटलेले. भीतीने देवाचं नाव घेताहेत असं वाटलं.

पोचल्यावर रागानेच विचारलं, एवढी का माझी धास्ती घेतलीत? तर म्हणाले, धास्ती कसली, जन्मभर गाडीवर बसलो की रस्त्यावरून नजर हलवली नाही, आज पहिल्यांदा कसली काळजीच नव्हती, तू होतीस ना.

वर्गातल्या मुली दारात उभ्या होत्या. मला काही केल्या किल्ली कुलपात घालता येईना, नव्या चष्म्यातूनही समोरचं सगळं धूसर दिसत होतं. शेवटी कुलूप बाबांनीच उघडलं.

अशीच हक्काने रागवत जा.
तुझी आई