वासराला पहिला हात

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

जळकोट,
ता. ६ नोव्हेंबर २०२४, बुधवार

चि. सौ. सुकन्या हिस,

आक्काचा पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खुशाल. तू, सोमेशराव आणि आत्याबाई खुशाल असाल.

आक्काला या वयात पत्र लिहायची काय हुक्की आली, म्हणून हसली असशील. हास बाई. तुमच्या घरचा फोन आत्याबाईंच्या कमरेला असतो, त्यांना ऐकू कमी येतं म्हणून त्या स्पीकर लावतात आणि आपण दोघी बोललो की सगळी गल्ली ऐकते. त्यापेक्षा कागद बरा. आपला दयानंद आता उदगीर-नांदेड गाडीवर कंडक्टर आहे. नायगावच्या स्टँडसमोरच्या मेडिकलवाल्याकडे तो पाकीट देईल. उत्तरही तिथंच ठेव.

दिवाळी तुझ्याविना सुनी गेली, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यावर हट्ट नको. तुझ्या दाजींची सोयाबीन निघाली. मला मधूनमधून कसकस येते. संध्याकाळी ताप चढतो, पहाटे लुगडं घामानं भिजतं, गुडघे धरतात. चाळिशी ओलांडली, दुसरं काय. काळजीचं कारण नाही.

एक सांगायचं होतं. तुझ्या ओटीला दिलेल्या चंद्रीचे दिवस पौर्णिमेच्या मागेपुढे भरतील. ती व्यायला लागली की तू गोठ्यात जाऊ नकोस. ओटी भरायला आले तेव्हा आपल्या घरची रीत मीच तुला सांगितली होती, की माहेरच्या गाईचं वासरू जमिनीवर आलं की त्याच्या नाकातोंडातला चिकटा पोटुशीनं पुसायचा, पहिला हात तिचा. ती यंदा राहू दे. तुला सातवा लागलाय, ओणवं व्हायचं नाही. सोमेशरावांना पुसू दे, आणि त्यांनीही हातात प्लॅस्टिकची पिशवी घालावी. दूध तापवल्याशिवाय तोंडाला लावू नकोस. धारोष्ण प्यायची तुझी सवय मला ठाऊक आहे. ती मीच लावली.

का, म्हणून विचारू नकोस. थंडीचे दिवस आहेत, एवढंच.

आत्याबाईंना शरणार्थ सांग.

तुझी, जिच्या हातचं तू डोळे झाकून पितेस ती,
आक्का

*

नायगाव,
ता. ८ नोव्हेंबर, शुक्रवार

ती. आक्काच्या पायी शरणार्थ.

पत्र पोचलं. मेडिकलवाला मला म्हणतो, "वहिनी, तुमाला पत्र आलंय, कोर्टाचं तर न्हाई ना?" मी एवढी हसले की पोटातलं हललं.

आक्का, तू कधीपासून एवढी भित्री झालीस? मी चंद्रीजवळ नाही जायचं तर जाणार कोण? तिच्या पाठीवर माझा हात पडल्याशिवाय ती कडब्याला तोंड लावत नाही. सोमेश जवळ गेले की लाथ झाडते. सरकी पेंड मीच भिजवते, क्षारांची पुडीही मीच घालते. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली अशी शेवरी देवणी गाय आमच्या गल्लीत कुणाकडे नाही, बघायला माणसं येतात. पोटावरून हात फिरवताना आतलं वासरू ढुशी देतं आणि त्याच वेळी माझ्यातलंही देतं. खोटं वाटेल तुला.

आणि घरात काय बदल झालाय म्हणून सांगू. त्या वेळी माझं पाचव्या महिन्यात गेलं, तेव्हा आत्याबाई चारचौघींत म्हणाल्या होत्या, "हिच्या पोटात टिकतच न्हाई, जमीनच निकस हाय." तू होतीस तिथं, तुला आठवत असेल. त्याच आत्याबाई आता सकाळी उठून माझ्या हातात चंद्रीचं दावं देतात. म्हणतात, "माहेरची गाय टिकली की पोटातलंबी टिकतंय. जा माय, हात फिरीव." आता मी गोठ्यात नाही गेले तर त्या काय समजतील?

चंद्रीचं पहिलं वासरू पावसात भिजून गेलं होतं ना, म्हणून या वेळी मी पोत्यांचं अंथरूण शिवून ठेवलंय. रीत मी मोडणार नाही. पहिला हात माझाच.

कास चांगली उतरलीय. परवापासून सडातून चीक ठिबकतोय. मी बोटावर घेऊन चाखला. एवढा दाट, एवढा गोड! व्याल्यावर पहिला खरवस तुला पाठवीन.

तू ताप अंगावर काढू नकोस. दाजींना सांग, नाहीतर मी सांगते.

तुझी लाडकी,
सुकन्या

*

उदगीर, दवाखान्यातून
ता. ११ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ

सुकन्या,

आधी हे वाच आणि तसंच कर, मग बाकीचं.

चंद्रीला शिवू नकोस. गोठ्यात जाऊ नकोस, वासरू झालं तरी, ती ओरडली तरी. तिचं निरसं दूध, चीक, काहीही जिभेवर नको. शिवून ठेवलेली ती पोती वापरू नका. आणि आजच्या आज सोमेशरावांना घेऊन तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे जा. पाकिटात माझ्या रक्ताच्या तपासणीची झेरॉक्स आहे, ती दाखव आणि म्हण की या गोठ्यातल्या गाईचा चीक मी चाखलाय, माझंही रक्त तपासा. यावर औषध आहे, पोटुशीला चालणारंही आहे. लवकर कळलं तर आई आणि लेकरू दोन्ही सांभाळता येतात, असं इथल्या डॉक्टरांनी मला तीनदा सांगितलं, कारण मी तीनदा विचारलं.

आता बाकीचं. हाताला सलाइन आहे म्हणून अक्षर वाकडं येतंय.

चंद्रीचं पहिलं वासरू पावसात भिजून गेलं नव्हतं. ते जिवंत जन्मलंच नाही. दोन वर्षांपूर्वी श्रावणात, सातव्या महिन्यात तिनं गाभ टाकला. वार अडकली होती, ती मी कोपरापर्यंत नुसता हात घालून ओढली. ना हातमोजा, ना साबण. वासरू तुझ्या दाजींनी बांधाला पुरलं. दुसऱ्या दिवशी तू आरामाला माझ्याकडे येणार होतीस. पोटुशी बहीण दारात येताना असलं तोंडातून काढायचं नसतं, म्हणून मी तुला पावसाची गोष्ट सांगितली.

पुढच्या दिवाळीपर्यंत आणखी दोन गाई तशाच गाभडल्या. चंद्री तर वर्षभर उलटत राहिली, गाभ धरेना. मी तुझ्या दाजींना म्हटलं, जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. ते म्हणाले, "कशाला बोंबलतीस? गावात कळलं तर आपलं दूध कोण घेणार हाय? दावण बदलली की दोष जातो." मी गप्प बसले. मलाही ते सोयीचं होतं. यंदा चंद्रीनं गाभ धरला, सातवा महिना सुखरूप पार केला, आणि तुझ्या ओटीला गाभण गाय द्यायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांत देखणी तीच होती. दावणही बदलेल आणि बहिणीची हौसही होईल, असं मी मनाशी म्हटलं. देवाशपथ, हे माणसाला लागतं हे मला ठाऊक नव्हतं. पण गाईला काहीतरी लागलंय हे ठाऊक होतं, आणि ते मी तुझ्या दारात बांधून आले.

ताप हटेना म्हणून गेल्या महिन्यात इथं आले. डॉक्टरांनी विचारलं, "घरी जनावरं आहेत?" म्हटलं, हायत. "एखादी गाय गाभडली का?" मी म्हटलं, "न्हाई जी." बघ, मरणाची भीती असूनही माणूस कसं खोटं बोलतं. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नसावा, त्यांनी रक्त काढलंच. ब्रुसेल्ला म्हणून रोग आहे, गाईंचे गाभ पाडतो, आणि वारेतून, चिकट्यातून, निरशा दुधातून माणसात येतो. गाय एकदा गाभडते, पुढं धडधाकट वासरू देते, पण रोग आत तसाच राहतो आणि वेताच्या वेळी बाहेर पडतो. म्हणजे चंद्री आज जशी छान दिसतेय तशीच दिसणार.

मग इथल्या डॉक्टरांनी कळवल्यावर जळकोटच्या जनावरांच्या डॉक्टर शिल्पाताई आमच्या गोठ्यात आल्या. पोरगीच आहे, पण नजर तिखट. चारी गाईंचं रक्त आणि दूध घेतलं, दोघींत निघालं. त्यांनी विचारलं, "पाचवं दावं रिकामं दिसतंय. गाय कुठं दिली?" तुझे दाजी माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "म्हातारी होती, मेली." त्या गेल्यावर मी घरात येऊन तुला ते बुधवारचं पत्र लिहिलं. थंडीचे दिवस आहेत म्हणून.

तुझं उत्तर दयानंदनं काल दिलं. चीक चाखला, हे वाचलं आणि म्हटलं, आता सगळं कळवते. तुझे दाजी म्हणाले, "कळवलंस तर सुकन्याच्या सासूबाई नागम्मा तिला हितं आणून सोडतील, पोरीचा संसार मोडल." मी म्हटलं, मोडला तर मी सांभाळीन, पोरगी तरी राहील. इतक्या वर्षांत मी त्यांच्यापुढं पहिल्यांदा आवाज चढवला असेल. मला ताप चढला तेव्हा गाडी काढून त्यांनीच इथं आणलं, आणि वाटेत थांबून शिल्पाताईंना फोनही त्यांनीच लावून दिला. मी चंद्रीचं सगळं सांगितलं. त्या माझ्यावर ओरडल्या. ओरडू दे. त्यांनी नायगावच्या जनावरांच्या दवाखान्यात कळवलंय, आज दुपारपर्यंत तिकडून माणूस येईल.

तोवर तू गोठ्यात जाऊ नयेस म्हणून आज पहाटे आत्याबाईंना फोन केला. स्पीकरवर खरं सांगायला जीभ उचलेना. म्हटलं, "आत्याबाई, आमच्या घरची एक रीत सांगायची राहिली. गाईला चीक सुटला की माहेरचं माणूस येईपर्यंत पोटुशीनं तिच्यासमोर जायचं नसतं." त्या लगेच म्हणाल्या, "हाव माय, न्हाई जाऊ देत. रीत ती रीत." किती पटकन मानलं त्यांनी! तुला सांगितलेली ती पहिल्या हाताची रीत तरी कुणी, कुठल्या गाईच्या वेळी, काय झाकायला काढली असेल, असं माझ्या मनात आलं.

सुकन्या, एवढं लिहून पत्र संपवायचं माझ्या मनात होतं. पेन खाली ठेवलंही होतं.

त्या श्रावणात तू माझ्याकडे तीन आठवडे होतीस. रोज सकाळी पितळी पेला घेऊन गोठ्याच्या दारात उभी राहायचीस. बाकी चौघी गाभण, आटलेल्या. दूध होतं ते चंद्रीचं, गाभ टाकल्यावर आलेलं, दिवसाला लिटर-दीड लिटर. डेअरीला घालायला मन होईना, म्हणून मी ते तुझ्यासाठी ठेवायचे. फेस जायच्या आत पी म्हणायचे. तू प्यायचीस आणि ओठावरची मिशी पुसून हसायचीस. घरी परत गेलीस आणि आठव्या दिवशी तुझं गेलं.

मी इथल्या डॉक्टरांना विचारलं, त्यानंच झालं असेल का? ते म्हणाले, आता दोन वर्षांनी सांगता येणार नाही, असूही शकतं, नसूही शकतं. माझी समजूत घालायला त्यांनी तसं सांगितलं असेल. मला रात्रंदिवस तो पितळी पेला दिसतो. आई गेली तेव्हा तू चार वर्षांची, मी सोळाची. तुला जगवायला मी दूधच पाजलं, दुसरं मला काही येत नव्हतं.

आणि आत्याबाई तुला निकस जमीन म्हणाल्या तेव्हा मी तिथं होते, हे तू लिहिलंस. होते. बशीतला चहा पीत होते. तेव्हा मला रोगाचं नाव ठाऊक नव्हतं, पण माझ्या गोठ्यात पडलेलं वासरू ठाऊक होतं. एक शब्द बोलले असते तर तुझ्यावरचं बोट माझ्या गोठ्याकडे वळलं असतं. मी नाही बोलले.

म्हणून हे पत्र लपवू नकोस. आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखव, त्यांना ऐकू येत नसेल तर ओरडून. गल्लीला ऐकू जाऊ दे. तुझ्या पोटात काही खोट नव्हती. खोट माझ्या गोठ्यात होती.

डॉक्टर उद्या सकाळी सोडतो म्हणालेत. नाही सोडलं तरी मी पहिल्या गाडीनं येते. चंद्रीचं वेत मी करीन, हातमोजे शिल्पाताईंनी दिलेत, वार चुना टाकून खोल पुरायची तेही मीच करीन. मला तर जे लागायचं ते लागलंच आहे. तू मला घरात घेऊ नकोस, पाणीसुद्धा विचारू नकोस, फक्त गोठ्याचं दार उघडं ठेवायला सांग. खिडकीतून दिसलीस तरी बास. उभी आहेस, पोट तसंच आहे, एवढं दिसू दे.

मला लई भीती वाटायलीय गं.

दयानंदची गाडी सुटायला आली. दूध उतू जाईपर्यंत तापव. आणि यापुढं कुणाच्याही हातचं डोळे झाकून पिऊ नकोस, माझ्याही.

शिवगंगा