पाव संत्रं

नागपूर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, संध्याकाळ

काल टाऊन हॉलमध्ये अस्पृश्यतेवर तासभर बोललो. टाळ्या घेतल्या. आज अस्पृश्य वस्तीतल्या शाळेत मुलींना अर्धा-पाव शिकवायला संत्र्याचे चार सारखे भाग केले. एक पाव चंद्रीला दिला. दिला कसला, तिच्या तळहातावर वरून टाकला. बोट लागू नये म्हणून? हाताची सवय, एवढं म्हणून सुटता येईल?

चंद्रीने त्या पावाचे बरोबर दोन भाग केले आणि धाकट्या बहिणीला म्हणाली, "हात पसर वं." एक भाग तिच्या हातावर वरून टाकला.

"वरून काहून टाकून राहिली?" बहिणीने विचारलं.

"पाव असाच देतात. गुरुजीनं आत्ताच शिकवलं."

कालची जीभ कुठे गेली? मी "शाबास" म्हणालो.