भाताच्या मुळाचा प्रश्न

बाई, त्या बंद पाकिटात तुम्ही माझ्याबद्दल नेमकं काय लिहिलं होतं, हे मला आजही जाणून घ्यायचं आहे. आता मीच मुलींना अशी पत्रं लिहून देते, आणि प्रत्येक वेळी पेन हातात घेऊन तुमचाच विचार करत बसते.

मी बारावीत होते. पुण्याच्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीवर जागा मिळणार होती, पण अर्जाला दोन शिक्षकांची शिफारसपत्रं जोडायची होती. गणिताच्या सरांनी उभ्याउभ्याच लिहून दिलं, की विद्यार्थिनी शांत व आज्ञाधारक आहे. दुसरं पत्र तुमच्याकडून, जीवशास्त्राच्या बाईंकडून हवं होतं. तुमच्यापर्यंत यायला मला तीन दिवस लागले. स्टाफरूमच्या दारापर्यंत यायचे, आत कुणी दिसलं की नळावर पाणी पिऊन परत फिरायचे. चौथ्या दिवशी तुम्हीच बाहेर आलात. अर्ज वाचलात, सरांचं पत्र वाचलंत आणि म्हणालात, "सव्वा वर्ष माझ्या वर्गात आहेस आणि मला तुझा आवाजसुद्धा माहीत नाही. काय लिहू मी? खोटं लिहिणार नाही." माझे डोळे भरून आले. ते बोलणं मला तेव्हा रागाचं वाटलं. आज वाटतं, तुम्ही खरंच विचारत होतात. मग तुम्ही सांगितलंत, की बोलायला जमत नसेल तर नको बोलूस, पण रोज एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावर ठेव. पुस्तकात उत्तर सापडेल असा नको.

पहिल्या दोन चिठ्ठ्या, उत्तर पुस्तकात कुठे आहे त्या पानांचे आकडे घालून परत आल्या. तिसऱ्या दिवशी नाशिकच्या सातपूरमधल्या आमच्या खोलीत मी रडवेली होऊन बसले होते. वडील कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेले होते, आई तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं. ती घोटीकडची, भाताच्या शेतात वाढलेली. ती म्हणाली, "आपलं डब्यात लावलेलं मिरचीचं रोप दोन दिवस जास्त पाणी झालं तर सडतं. भात महिनोन्‌महिने पाण्यात उभा, त्याची मुळं कशी सडत नाय, हे विचार की तुझ्या बाईंना." मी तसंच लिहिलं आणि खाली लिहिलं, प्रश्न आईचा आहे.

तुम्ही चिठ्ठी वाचून म्हणालात, "मला माहीत नाही. मुळासकट एक रोप आणता येईल?" शिक्षकाला माहीत नसतं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. रविवारी आई एसटीनं मामाकडे गेली आणि ओल्या गोणपाटात रोप गुंडाळून घेऊन आली. सोमवारी प्रयोगशाळेत तुम्ही माझ्या हातात ब्लेड देता. माझे पहिले पाच-सहा काप जाड निघतात. मग एक पातळ साधतो. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते आणि माझ्या तोंडून निघून जातं, "बाई, आत पोकळ्या आहेत. इथूनच हवा खाली जात असेल." तुम्ही मला बाजूला सारून कितीतरी वेळ बघत राहता. त्यानंतर शिपाई कुलूप लावायला येईपर्यंत मी बोलत होते, आणि तुम्ही फक्त पुढचं विचारत होतात.

दुसऱ्या दिवशी डिंकानं चिकटवलेलं पाकीट मिळालं. उन्हाळ्यात मुलाखतीला गेले, तर समोरच्या गृहस्थांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या आई भाताबद्दल काय म्हणाल्या होत्या?" म्हणजे तुम्ही आईलाही पत्रात घेतलं होतंत. मला जागा मिळाली.

माझ्या विद्यार्थिनींना मी हे सगळं सांगते, आणि शेवटी सांगते, की पहिल्याच सुट्टीत मी नाशिकला येऊन बाईंना भेटले, त्यांचे आभार मानले. तसं झालं नाही. त्या सुट्टीत तुम्ही मला द्वारका चौकातल्या बसस्टॉपवर दिसलात, हातात भाजीची पिशवी, एकट्याच. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी दुकानाच्या पाटीकडे बघत उभी राहिले, तुमची बस जाईपर्यंत.