कोलंबीच्या टरफलांचं पाणी

सा देक,
अकराव्या चांद्रमासाचा सहावा दिवस

चि. खिएम यास ताईचे आशीर्वाद.

इकडे गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे. तुझं, बायकोचं, दुकानाचं कसं काय ते तू कळवणार नाहीसच, तेव्हा छानच चाललं असेल असं मी धरून चालते. माझा फोन तू घेत नाहीस. परवा शेजारच्या थोईच्या फोनवरून लावला, तर नुसतं माझं "अरे" ऐकून ठेवून दिलास. पत्राचं तसं नाही. फाडायच्या आधी माणूस एकदा तरी वाचतोच.

आधी कामाचं. पुढच्या महिन्याच्या विसाव्या दिवशी बाबांचं वर्षश्राद्ध आहे. गेल्या वर्षी तू आला नाहीस. घरातला एकुलता एक मुलगा उदबत्ती लावायला नाही, पंगतीला बसलेला अख्खा गाव माझ्याकडे बघतोय, आणि मी सांगतेय की त्याला ताप आलाय. त्यावर थोई काय म्हणाला असेल? "अहो ताई, कालच तर मी त्यांना दुकानात बसून कलिंगडाच्या बिया फोडताना पाहिलं. चांगले टुणटुणीत होते!" यंदा मला खोटं बोलायला लावू नकोस. ये.

राग कसला ते मला ठाऊक आहे. बागवाल्यांच्या सभेत मी माईकवर म्हणाले की मी बाटल्यांतली औषधं फवारणं बंद केलंय, आणि त्या बाटल्या सगळ्या तुझ्या दुकानातल्या. पण मला काय जन्मात दुसऱ्यांदा माईक मिळणार होता का? मिळाला तेव्हा बोलून घेतलं. तुझं गिऱ्हाईक तोडावं असं माझ्या मनातही नव्हतं, आणि हे तुलाही माहीत आहे. तरी रुसून बसलायस. लहानपणी फणसाचा गरा कमी मिळाला की बसायचास तसाच.

शेवंती यंदा अशी आलीय की बघत राहावं. पुराचं पाणी चढलं तेव्हा मांडव बुडतो की काय अशी धास्ती होती, पण बांबू टिकले. आता वर रोपांच्या टोपल्या, खाली पाणी आणि मधून आमची होडी. आमची म्हणजे माझी. पानं कशी जाड, हिरवीगार आहेत. मावा नाही, तांबडा कोळी अगदी औषधालाही सापडत नाही.

तू नाक मुरडशील, तरी सांगते. कोलंबीची टरफलं समुद्राकडून पोत्यांनी येतात. ती धुवायची, आम्लात भिजवायची, कॉस्टिक सोड्यात उकळायची, पुन्हा धुवायची आणि वाळवायची. शेवटी पांढरी पूड उरते. तिला कायटोसॅन म्हणतात, पण मी टरफलांची पूडच म्हणते. ती नुसत्या पाण्यात विरघळत नाही. तांदळाचं व्हिनेगर घातलं की विरघळते, मग भरपूर पाण्यात मिसळून फवारायची. गंमत म्हणजे हे पाणी रोगाला मारतबिरत नाही. दारावर कोणी उगाच थाप मारावी आणि घरातल्यांनी चोर आला समजून सगळ्या कड्या लावून घ्याव्यात, तसं रोप करतं. खरा चोर येतो तेव्हा दार बंदच असतं.

उकळताना वास मात्र असा सुटतो की विचारू नकोस. गावातली यच्चयावत मांजरं आमच्या धक्क्यावर मुक्कामाला आहेत.

थोईचं ऐक. त्याने मला विचारलं, कशाचं पाणी? मी म्हटलं, कोलंबीचं. त्याला वाटलं, एवढंच ना! घरी जाऊन त्याने बायकोच्या बरणीतली कोलंबीची खारवलेली चटणी बादलीत कालवली आणि सगळ्या मांडवावर फवारली. मिठाने पानं करपली, मुंग्यांची रांग लागली, मांजरं त्याच्याकडे गेली. आता म्हणतो, "ताई, तुमच्या औषधात दम नाही." त्याची बायको चटणीसाठी रडतेय.

हे सगळं मला शिकवलं कोणी, असं तू विचारशील. आलास की सांगेन. बायकोला आशीर्वाद.

तुझी वाट बघणारी,
न्हानताई


सा देक,
अकराव्या महिन्याचा सत्ताविसावा दिवस

चि. खिएम,

तुझं उत्तर पोचलं. पत्र नाही, चिठ्ठी नाही, बसवाल्याच्या हाती नुसती जालीम औषधाची बाटली! बाटलीशी बोलून पाहिलं, तीही तुझ्यासारखीच गप्प. फळीवर ठेवलीय.

आज मात्र चेष्टा करायला लिहीत नाही. थोईच्या मांडवाला लागून असलेल्या माझ्या मांडवावर रोग आलाय. खालची पानं तपकिरी पडून लोंबतात, आणि सकाळी ताठ दिसणारी टोपली दुपारी मान टाकते. नववर्ष तोंडावर आलंय. कळ्या टपोऱ्या झाल्यात. हा रोग बाकीच्या मांडवांवर गेला तर वर्षाची मेहनत पाण्यात जाईल, आणि माझ्या एकटीचीच नाही.

आता बस खाली. बसलास? तुझी लेक उयेन इथे आहे.

कॅन थो शहरातल्या हापिसात ती हिशेब लिहिते असं तुला सांगितलं होतं, ते खोटं. पावसाळ्यापासून माझ्याकडेच आहे. टरफलांचं पाणी तिचं. पहिल्यांदा मला त्या पाण्याचा डबा आणून दिला तोही तिनेच, कॉलेजातून सुट्टीवर आली होती तेव्हा. त्याआधी तिने तुला सांगून पाहिलं होतं. तू हसलास. "समुद्राचा कचरा माझ्या दुकानात विकणार होय?" असं म्हणालास. तू ते विसरलाही असशील, पण ती विसरलेली नाही. तुझ्या बायकोला सगळं माहीत आहे, पण तिच्यावर ओरडू नकोस, मीच तिला शपथ घातली होती.

रोग दिसल्यापासून पोरीने दिवसातून दोन-दोनदा पाणी मारलं. काल होडीतच बसून रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, अजून थोडं दाट करून बघू या का?"

"आत्या, दाट करून काय होणार? आजार यायच्या आधी द्यायचं असतं हे. आल्यावर नाही चालत."

"मग आल्यावर काय चालतं?"

नाक पुसत म्हणाली, "ते बाबांना विचार. ते पान बोटांत चुरगळतात, वास घेतात आणि रोगाचं नाव सांगतात. मी पुस्तकं वाचली ना, पण तसं नाक काही आलं नाही मला."

"बोलावू का त्याला?"

"नको! येतील आणि म्हणतील, बघ, मी सांगत नव्हतो?"

तिने नको म्हटलं तरी मी लिहितेय. हे पत्र चार दिवस आधी लिहायला हवं होतं. उशीर का केला ते विचारू नकोस, तुला सांगण्यासारखं नाही.

ये. आल्यावर "मी सांगत नव्हतो" तेवढं मात्र म्हणू नकोस. पोटात मावत नसेल तर मला म्हण, मांडवामागे नेऊन. मी ऐकून घेईन.

न्हानताई


सा देक,
नव्या वर्षाचा सहावा दिवस

प्रिय खिएम,

तुम्ही दोघं नववर्षाचं जेवून गेलात आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. कारल्याचं सूप उरलंय, बान्ह तेतच्या, चिकट भाताच्या दोन वळकट्या उरल्यात. शेवंती मात्र एकही उरली नाही. बाजारात बायका पानांवरून हात फिरवत विचारत होत्या, "मेण लावलंय का हो?" आणि उयेन प्रत्येकीला टरफलांची सगळी कथा सांगत होती. गिऱ्हाइकं घायकुतीला यायची, पण हिची कथा संपत नव्हती. तुझ्यावर गेलीय.

माझं पत्र मिळून आलास त्या दिवशी तू होडीतून उतरलास आणि सरळ रोपांकडे गेलास. मला नमस्कार नाही, तिला हाक नाही. पान चुरगळलंस, वास घेतलास, मूळ उपटून पाहिलंस. "मुळं कुजलीत. ह्या दोन रांगा काढून जाळा. कडेच्यांना माझं औषध घाला, तेही मुळाशीच."

पोरगी भीत भीत म्हणाली, "आणि बाकीचे मांडव?"

"बाकीच्यांना काय धाड भरलीय? एवढ्या जवळ रोग असून एक डाग नाही पानावर." मग तिच्याकडे न बघता विचारलंस, "किती दाट मिसळतेस गं ते पाणी?"

मी चहा करायला म्हणून आत गेले आणि चुलीपुढे मनसोक्त रडले. तुला वाटलं असेल, चहाला एवढा वेळ का. बाबांच्या श्राद्धाला तू उदबत्ती लावलीस तेव्हा थोईकडे मी असं काही पाहिलं की तो बिचारा उठून शेजारच्या पंगतीत जाऊन बसला.

आता मुद्द्याचं. दुकानातली अर्धी फळी रिकामी करून देतो, दोघं मिळून चालवू, असं तू तिला म्हणालास. तिने तुला उत्तर दिलं नाही, म्हणून तू खट्टू होऊन गेलास. राग तिच्या मनात नाही रे. तिला यायचंय. तुम्ही गेल्यावर मला म्हणाली, "आत्या, तुझे गुडघे असे. पूर आला की मांडव कोण बांधेल? मी इथेच राहते."

मी काय केलं ते ऐक. मी म्हटलं, "गुडघ्यांचं निमित्त सांगू नकोस. मला त्या वासाचा वीट आलाय. माझी चूल मला परत हवी, भातालासुद्धा कोलंबीचा वास येतो. आणि तुझी बडबड! एकटीने निवांत जेवायची सवय असलेली बाई मी." पोरीचं तोंड एवढंसं झालं. मग रागावली, आणि तेच हवं होतं. काल कपड्यांची घडी घालत होती.

हे खोटं आहे, खिएम. तिला कळू देऊ नकोस. या महिन्यांत मी दोघींचा भात लावायला शिकले. सकाळी उठल्यावर बोलायला माणूस आहे म्हणून लवकर उठायला लागले. माझं लग्न झालं नाही याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं, खरंच नाही. पण ती होडीतून "आत्या, हे बघ!" म्हणून ओरडायची ना, तेव्हा वाटायचं की हे आधी का नव्हतं माझ्याकडे. पत्राला चार दिवस उशीर झाला तो यामुळे. तू आलास की तिला घेऊन जाशील हे मला ठाऊक होतं. मांडवावर रोपं मरत होती आणि मी हिशेब करत होते, आणखी किती दिवस ती माझ्याकडे राहील.

दहाव्या दिवशी तिला न्यायला ये. बायकोला पाठवू नकोस, माणूस पाठवू नकोस, तू स्वतः ये. तिला तिच्या वडिलांनी धक्क्यावर उभं राहून "चल" म्हटलेलं ऐकायचंय. मी तेव्हा पलीकडच्या मांडवावर असेन. मला हाक मारू नका. मी आले तर तिला जाऊ देणार नाही.

फळी मात्र दर्शनी भागातली दे, कोपऱ्यातली नको. नाहीतर मी पुन्हा माईक शोधेन.

उयेनची आत्या,
न्हान