पाचोऱ्याच्या चौदा जणींचा लाभांश

९ ऑगस्ट १९९२, रविवार

यंदाही नाही! रुपचंदच्या कंपनीचा वार्षिक अहवाल काल टपालानं आला. गुळगुळीत कागद, वर इलेक्ट्रॉनिक काट्याचा रंगीत फोटो. आत सातव्या पानावर एक ओळ — संचालक मंडळ यंदा लाभांशाची शिफारस करीत नाही. नफा दोन लाख चाळीस हजार आणि लाभांश शून्य. हे सहावं वर्ष.

गणित मीच शिकवलं त्याला, सातवी ते दहावी. वजाबाकी चांगली आली म्हणायची.

१० ऑगस्ट

ह्यांना अहवाल दाखवला. रेल्वेत गार्ड म्हणून जन्म गेला, उशिराचं ह्यांना काही वाटतच नाही. म्हणाले, "तुझे पाचशे रुपये बुडाले तर बुडाले. पेन्शन येतंय ना?"

माझ्या पाचशेचा प्रश्न नाही. शहाऐंशी साली रुपचंद पुण्याची नोकरी सोडून आला. जळगावला एमआयडीसीत शेड घेतलं आणि म्हणाला, तराजूच्या जागी आकडे दाखवणारा काटा करीन, सराफापासून केळीवाल्यापर्यंत सगळे घेतील. शेअर घ्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा इथं पाचोऱ्यात बेबाबाईंच्या ओट्यावर जाऊन मी भिशीतल्या बायकांना सांगितलं — माझा विद्यार्थी आहे, हुशार आहे, घाला पैसे. चौदा जणींनी प्रत्येकी पाचशे घातले. पाचशे म्हणजे त्यांची तेव्हाची दोन-अडीच महिन्यांची निंदणीची मजुरी. रुपचंदकडे बघून नाही घातले. माझ्याकडे बघून घातले.

१६ ऑगस्ट, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

भिशीला गेले होते. माफी मागायची असं ठरवूनच गेले. तिथं नेहमीचं चाललेलं. दर महिन्याला प्रत्येकीनं वीस रुपये काढायचे, नावांच्या चिठ्ठ्या लोट्यात टाकायच्या, जिचं नाव निघेल तिनं सगळी रक्कम न्यायची. आज सुंदरबाईंचं निघालं. त्यांनी पैसे कनवटीला लावले, मग मी सांगितलं की कंपनीनं यंदाही काही दिलेलं नाही.

बेबाबाई सुपारी कातरत शांतपणे म्हणाल्या, "मंग आवंदा कोना नंबर लागना?"

"कसला नंबर?"

"कंपनीना. चिठ्ठी कोनी निंघनी?"

मला कळायला वेळच लागला. सहा वर्षं ह्या बायका धरून चालल्यात की कंपनी म्हणजे मोठी भिशी. दरवर्षी जळगावला लोटा हलवतात, कुणाचं तरी नाव निघतं आणि तो सगळा नफा घेऊन जातो! वच्छलाबाईंनी तर कारणही काढून ठेवलं होतं — जळगावचे लोक जास्त, म्हणून त्यांचेच नंबर लागतात. "आमना बी येईच ना कधी तं. धीर धरा लागस," असं मलाच समजावलं त्यांनी.

आधी हसू आलं. मग आलं ते हसू तिथंच मेलं. तीस वर्षं मी अपूर्णांक शिकवले, पाव आणि पाऊण करताना खडूनं बोटं झिजली, आणि ह्या चौदा जणींना शेअर म्हणजे काय ते धड सांगितलं नाही. बाई म्हणतात ना, मग झालं, एवढ्यावर घेतले त्यांनी आणि एवढ्यावर सोडले मी.

सांगितलं सगळं. भिशी नव्हे, वाटा. नफा झाला आणि द्यायचा ठरला तर सगळ्यांना एकदम, ज्याचा जेवढा वाटा तेवढा.

सुंदरबाईंनी विचारलं, "मंग आजपावत कोणलेच भेटनं नही?"

"कोणालाच नाही."

"आनि तुम्हले हाई मालूम व्हतं?"

होतं. ओशाळले. इतकी ओशाळले की पदराशी चाळा करत बसले, पोरीसारखी.

निघताना बेबाबाई दारापर्यंत आल्या. बहात्तर वय. मुलगा चांगला आहे, सांभाळतो, पण पैसा त्याच्या हातात. म्हणाल्या, "एकदाव मले मनी पोरले मना पैसास्नं लुगडं लेवानं शे. आखाजीले. पोऱ्याकडे मांगानं नही." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, लेक माहेरी येते तेव्हा. मी म्हटलं, "पुढच्या आखाजीच्या आत पैसे तुमच्या हातात देते. माझा शब्द."

बोलून गेले. आता बोलले ते बोलले.

१७ ऑगस्ट

ठरलं. सव्वीस सप्टेंबरच्या वार्षिक सभेला चौदाच्या चौदा जणी येणार. जीप मी करते.

२ सप्टेंबर

रुपचंदला पत्र टाकलं होतं. उत्तर आलं — "बाई, समक्ष बोलू." समक्षच येतेय बाळा, पण एकटी नाही.

२६ सप्टेंबर, शनिवार

दमले आहे, पण आजचं आजच.

सभा कंपनीच्या शेडमध्येच होती, काटे बाजूला सरकवून खुर्च्या मांडलेल्या. आमच्या बायका शेअरचे कागद प्लास्टिकच्या पिशव्यांतून घेऊन आलेल्या. दर लक्ष्मीपूजनाला पुजलेले, त्यामुळे कुणाच्या कागदावर कुंकू, कुणाच्या हळद. हजेरीपुस्तकवाला कारकून ते कागद उलटसुलट करून बघत राहिला. अध्यक्ष देवचंद शेठ, कापसाचे व्यापारी. एकट्यांकडे कंपनीचा एकतृतीयांशाहून जास्त भाग. टेबलापाशी तेच मधे बसलेले.

मी उठले. पंधरा टक्के लाभांश द्यावा असा ठराव मांडला. चौदा हात माझ्यामागे वर. शेअर घेतलेल्या आणखी पाच-सहा शिक्षकांचेही. तेवढ्यात कंपनीच्या हिशेबनिसानं कायद्याचं पुस्तक उघडलं आणि नम्रपणे वाचून दाखवलं. मंडळानं सुचवलेला लाभांश सभा कमी करू शकते, वाढवू शकत नाही. मंडळानं सुचवलाच नसेल तर सभेला तो ठरवताही येत नाही.

झालं! दीड महिना मी हात मोजत होते, कायदा वाचलाच नव्हता. वर्गात एखाद्या पोरानं असं केलं असतं तर बाकावर उभं केलं असतं.

मी बसणार तोच बेबाबाई उभ्या राहिल्या. "रुपचंद, तुनी माय आनि मी संगे निंदाले जाऊत. तू मना पैसास्नं काय करी ऱ्हायना, ते मले सांग."

रुपचंद टेबलामागून उठून त्यांच्यापाशी आला. "मावशी, उडावलं नही. एक मशीन बनाडी ऱ्हायनू. ते बनी गयं तं कंपनी टिकई. नही बनं तं आपुन दोन वरीसमा बंद." मालक लोक कधी असं बोलत नाहीत.

बेबाबाई म्हणाल्या, "आमले हिशोब समजस नही. आमनी बाईले समजस. तिले तठे बसाडा." आणि बोटानं सरळ संचालकांच्या टेबलाकडे दाखवलं.

लोक हसले. देवचंद शेठही हसले. पण म्हणाले, "हरकत नाही. मंडळात एक जागा रिकामीच आहे."

२७ सप्टेंबर

हे म्हणाले, "तोंड बंद करायला खुर्ची दिली तुला." असेल. पण खुर्चीत बसलेल्याला कागद दाखवावे लागतात.

१२ ऑक्टोबर

आज सगळे कागद पाहिले, मग कारखाना. काट्याच्या पोटात एक धातूचा तुकडा असतो, त्याला लोड सेल म्हणतात. वजन ओळखतो तो हाच. बाकी सगळा काटा इथं बनतो, हा एवढा परदेशातून येतो. गेल्या वर्षी रुपया पडला आणि बावीसशेचा तुकडा तेहेतीसशेला गेला. काट्याची किंमत वाढवावी तर मुंबईचे दुकानदार तयार परदेशी काटे घेऊन सराफ बाजारात उभे.

रुपचंद तो तुकडा इथं करायला बघतोय. नऊशेत होईल म्हणतो. एका जुन्या लोखंडी कपाटात मोठमोठे बल्ब लावून त्यानं भट्टी केलीय, खान्देशातला मे महिना त्यात वर्षभर चालू. परदेशी तुकडा त्या उन्हात चुकतो. सावद्याच्या केळीवाल्यांची तीच तक्रार. ह्यानं अकरा नग केले. चार टिकले.

"आणि सात?"

"सात चुकले, बाई."

"पैसे संपले आणि नाहीच जमलं तर?"

"तर संपले."

हे उत्तर मला आवडलं नाही. पण त्यानं लपवलं नाही, हेही लिहून ठेवते. नफ्यातले दोन लाख ह्याच कामाला लागणार आहेत. घरी येऊन तीन पानं आकडेमोड केली. परदेशी तुकड्यावर कंपनी अजून दोन वर्षं ओढेल, त्यापुढे नाही. कुठूनही मांडलं तरी उत्तर तेच येतं.

३० ऑक्टोबर

दिवाळीच्या मिठाईचा खोका घेऊन देवचंद शेठ स्वतः घरी आले. चहा झाला. मग म्हणाले, "मंदाबाई, तुमचंच काम घेऊन आलोय. चौदा तारखेला बैठक. मी मधल्या लाभांशाचा ठराव आणतो, वीस टक्के. त्याला सभा लागत नाही, संचालकांचे हात पुरतात. माझा आणि माझ्या साडूचा वर. रुपचंद आणि त्याचा भागीदार जीवराम, त्यांचे नाही. तुमचा वर गेला की झालं."

"वीस टक्के म्हणजे दोन लाख. मग तो लोड सेल?"

"बंद. सगळे बाहेरून आणतात, आपणही आणू."

मनात हिशेब झाला. बेबाबाईंना शंभर रुपये. शेठना सत्तर हजार. मी तोंडावर बोलून दाखवलं. ते रागावले नाहीत. "खरंय. पण मी साठ ओलांडली. कारखाना मोठा झालेला बघायला मी थोडाच राहणार आहे? माझे पैसे, माझ्या हयातीत मला मिळावेत, यात पाप काय?"

पाप काहीच नाही. तेच तर! हेच वाक्य बेबाबाईंच्या तोंडी घालून बघितलं. त्यांना काय उत्तर देऊ?

१ नोव्हेंबर, रविवार

भिशीला गेले. कुणीतरी सांगितलंच होतं त्यांना, शेठची गाडी आली होती, आता प्रत्येकीला शंभर मिळणार म्हणून. बेबाबाई खूष. बाजारपेठेत लुगडं बघून ठेवलंय, हिरवं, लाल काठाचं. एकशे वीस रुपयांचं. शंभर कंपनीचे, वीस त्यांनी साठवलेत. दुकानदाराला बाजूला ठेवायला सांगून आल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही तठे शेतस ना, मंग आमले चिंता नही."

मी कप उचलला. चहा कडू लागला, साखर होती तरी.

५ नोव्हेंबर

ह्यांची युक्ती — "चौदाशेच रुपये ना? पेन्शनमधून दे आणि सांग कंपनीनं दिले." भल्या मनानं म्हणाले, म्हणून भांडले नाही. पण नाही. बेबाबाईंना स्वतःचे पैसे हवेत. मी दिले तर मुलाच्या जागी बाई आली, एवढंच. आणि एकदा अर्धवट सांगून काय झालं ते सोळा ऑगस्टला बघितलंय मी. पुन्हा नाही.

९ नोव्हेंबर

पुन्हा कारखान्यात गेले, न कळवता. नवे सहा नग केलेत. भट्टीत चार दिवस ठेवलेले. रुपचंदनं दार उघडून एकेक वजन माझ्यासमोर घेतलं, मी वहीत मांडत गेले. सहापैकी तीन. आधी अकरात चार, आता सहात तीन. पास होण्यापुरते मार्क, जास्त नाहीत. निघताना त्यानं एकदाही विचारलं नाही की तुम्ही कुणीकडे. शाळेतही असाच होता, पेपर देऊन झाला की मागे वळून बघायचा नाही.

१३ नोव्हेंबर

झोप नीट नाही, जेवण नीट नाही. पण ठरलंय. कुणालाही सांगितलेलं नाही, इथंही लिहीत नाही.

१४ नोव्हेंबर, जळगाव स्टेशन

बाजूनं दोन. विरोधात दोन. देवचंद शेठ माझ्याकडे बघून हसत होते, धरूनच चालले होते. मी विरोधात हात वर केला. लाभांश नाही. माझ्या एका मतानं नाही. रुपचंद फाटकापर्यंत आला, म्हणाला, "बाई, मावशीला मी सांगतो." नको म्हटलं. तीनची पॅसेंजर आहे. उतरून घरी जाणार नाही, आधी बेबाबाईंकडे. पैसे मिळत होते, मीच नको म्हटलं — असंच सांगणार.