बाईसाहेबांना ऊन सोसत नाही

ता. ९ जानेवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. जिना चढू नका असं डॉक्टरांनी सांगितलं, तर तुम्ही त्यांनाच जिन्याचे फायदे ऐकवून आलात. म्हणजे गुडघा बरा आहे.

मी ठीक आहे. बाईसाहेब ठीक नाहीत. चौदा वर्षांपूर्वी तुम्ही मुळाचा तुकडा दिलात त्या कॅलाथियाच्या झाडाला तुमचे भाऊ बाईसाहेब म्हणायचे. दिवसभर पानं पसरून बसायचं आणि संध्याकाळ झाली की सगळी उभी मिटून घ्यायची, भेटीची वेळ संपली, अशा थाटात. आता भरदुपारीच पानं गुंडाळली जातात आणि कडा जळक्या कागदासारख्या हातात येतात.

ओलाव्यासाठी न्हाणीघरात ठेवून पाहिलं. बारा दिवसांत पट्टे फिके पडले आणि देठ दाराच्या फटीकडे माना लांबवून बसले. परत खोलीत आणलं, परत कडा जळल्या. वाचनालयातल्या पुस्तकात लिहिलंय, भरपूर उजेड द्या पण ऊन लागू देऊ नका. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला असंच सांगितलं होतं, की पाहुण्यांसमोर ये पण पुढे पुढे करू नकोस. तेही मला कधी जमलं नाही.

खालचा शिंपी म्हणतो, झाडाने दुःख घेतलंय. मी म्हटलं, दुःख मी घेतलंय, आणि माझ्या कडा शाबूत आहेत.

लोभ असावा. सल्लाही असावा, पण थोडा.
तुमची भावजय


ता. १५ जानेवारी

चि. वहिनीस,
अ. उ. आ.

थोडा सल्ला हवा होता तर पत्र दुसऱ्या कुणाला लिहायचं होतंस.

चौदा वर्षं त्याच खोलीत, त्याच स्टुलावर टवटवीत राहिलेलं झाड भाऊ गेल्यानंतर सात महिन्यांत असं होतं, म्हणजे काहीतरी बदललंय. ते काय, ते लिही. काही नाही, असं लिहू नकोस. अंगात ताप असला तरी तू काही नाही म्हणतेस.

बारा फेब्रुवारीला येतेय. तोवर सुधारलं नाही तर झाड मी घेऊन जाईन. खोकं काढून ठेवलंय. माझ्या व्हरांड्यात त्याच्या तीन बहिणी सुखाने नांदतायत. वाईट वाटून घेऊ नकोस. भावाच्या वेळी मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हे तरी वेळेत हाती लागू दे.

तब्येत सांभाळ, आणि काही नाही म्हणणं सोड.
तुझी ताई


ता. २२ जानेवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

रागावू नका, पण खरंच काही बदललेलं नाही. खिडकीशी त्यांचं टेबल. त्यावर भिंग, चिमटे आणि एक उघडं घड्याळ, जसं होतं तसं. टेबलाशी त्यांची खुर्ची. खुर्चीमागे दोन हातांवर बाईसाहेबांचं स्टूल. मी खुर्ची सोडून सगळ्यावरची धूळ पुसते.

झाड नेऊ नका. संध्याकाळी पानं उभी राहताना बारीक सळसळ होते. घरात माझ्याशिवाय तेवढाच आवाज उरलाय. भिंतीवरच्या घड्याळांना मी चावी देत नाही.

उपाय चालू आहेत. जाड पडदा लावला, तर खोलीचं न्हाणीघर झालं. खिडकीत छत्री टांगली, ती वाऱ्याने फिरून माझ्याच डोक्यात बसली. मग त्यांचा कोट हँगरला लावून खुर्चीच्या पाठीवर उभा केला आणि वर त्यांची टोपी ठेवली. सावली झकास पडली. पण समोरच्या बेकरीवाल्याने सवयीने वर बघून हात हलवला, आणि मग तो पायरीवर बसला तो अर्धा तास उठलाच नाही.

तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ बंद पडलेलं घड्याळ घेऊन वर आले. म्हणाले, रस्त्यावरून पाहिलं, घड्याळजी बसलेले दिसले. मी कोट दाखवला. त्यांनी कोटालाच नमस्कार केला आणि गेले. घड्याळ मात्र ठेवून गेले.

कोटाने निम्मी पानं वाचली. निम्मीच का, ते कळत नाही.

लोभ असू द्या, खोकं राहू द्या.
तुमची भावजय


ता. २७ जानेवारी

चि. वहिनीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून खूप हसले. मग पुन्हा वाचलं.

शाळेत भाऊ पहिल्या बाकावर बसला की मागच्या तिघांना फळा दिसायचा नाही. गुरुजींनी त्याला शेवटच्या बाकावर बसवलं, तर भिंतीवरचा नकाशा झाकला गेला. आमच्याकडे सगळ्यांच्या पाठी अशाच, दारासारख्या. ती पाठ चौदा वर्षं दहा ते चार त्या खिडकीत होती. आणि तू मला लिहितेस, काही बदललेलं नाही.

ढगांच्या दिवसांत निभावलं असेल. आता थंडीचं तिरपं ऊन पार स्टुलापर्यंत येत असणार. हँगरची रुंदी ती केवढी! कोट कशाला बसवतेस? तू बस.

खुर्चीची धूळ पुसत नाहीस ते वाचलंय मी. ती आधी पूस. खोकं आणतेच आहे.

आशीर्वाद आहेतच.
तुझी ताई


ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

खुर्ची पुसायला दहा मिनिटं लागली. बसायला दोन दिवस.

जेवायला उठा म्हणून मी त्यांच्याशी जन्मभर भांडले. म्हणायचे, ऊन उतरलं की उठतो. मला वाटायचं, कामाला उजेड हवा म्हणून. शेवटी मीच ताट टेबलावर न्यायचे, तेही आपटून. आता वाटतं, त्यांना झाडाचं माहीत असेल. नसेलही. मी कधी विचारलं नाही.

तर मी दहा ते चार बसते. माझी पाठ त्यांच्या निम्मी, म्हणून समोर वर्तमानपत्र दोन्ही हातांनी पूर्ण उघडून धरते. जाहिरातींसकट सगळं वाचून होतं. परवा बेकरीवाल्याने हात हलवला. मीही हलवायला गेले, तर मागे बाईसाहेबांवर ऊन. तेव्हापासून मी नुसती मान हलवते. त्याला वाटतं, मी रागावले आहे.

त्या गृहस्थांच्या घड्याळाला काही झालेलं नव्हतं. चावी द्यायची राहिली होती. ती दिली, आणि त्याच हाताने भिंतीवरच्या एकालाही दिली.

जळलेल्या कडा पुन्हा हिरव्या होत नाहीत, असं पुस्तकात स्पष्ट आहे. त्या मी तशाच ठेवल्यात. पण काल मधोमध एक नवं पान दिसलं, अजून सुरळी आहे.

खोकं आणू नका. वाचायला काहीतरी आणा आणि चष्मा विसरू नका. आल्या आल्या तुम्हाला खुर्चीत बसवणार आहे. डॉक्टरांनी तसंही बसूनच राहायला सांगितलंय, आणि तुम्हाला वर्तमानपत्र धरावं लागणार नाही.

दुपारी उठायचं नाही. ताट टेबलावर येईल. आपटून.

लोभ तुमच्या पाठीइतकाच रुंद राहू द्या.
तुमची भावजय